आश्रय, पलंग, शिडी, हवामान

दि. १४, मंगळवार
दुपार

तीर्थरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व कुशल. तुझं, वहिनींचं आणि मुलांचं कुशल कळवावं.

झाला मायना. 'तीर्थरूप' लिहिताना हात अडला होता, खोटं कशाला बोलू. पण पत्र कसं सुरू करायचं हे बाबांनी आपल्या दोघांच्या हाडीमांसी असं भिनवलंय की माझ्या रागाला ते जुमानत नाही.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोन केला की दोन वाक्यांनंतर तू 'मीटिंग आहे गं, नंतर बोलतो' म्हणतोस, आणि तुझं ते 'नंतर' अजून उजाडलेलं नाही. संदेश पाठवला की निळ्या खुणा उमटतात आणि खाली एक अंगठा येतो. अंगठा, दादा! मी बापाबद्दल लिहिते आणि तू मला अंगठा दाखवतोस. या कागदाला तो दाखवता येणार नाही. शेवटपर्यंत वाचावं लागेल.

आधी साध्या बातम्या. माझा शिवणवर्ग बरा चाललाय. नव्या मुली आल्यात, हात चांगले आहेत, फक्त तिरकी उरेब पट्टी कापताना कापड ओढतात आणि मग गळा लोंबतो म्हणून माझ्याकडेच तक्रार घेऊन येतात. दुपारचा वर्ग सध्या बंद ठेवलाय. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला.

बाबांची तब्येत ठीक आहे. भूक लागते, झोप लागते. चष्मा रोज हरवतो आणि रोज त्यांच्याच कपाळावर सापडतो. दाराशी ज्या पायऱ्या आहेत ना, त्यांच्यावरून मी सुताराकडून लाकडी उतार करून घेतला. हो, तू नको म्हणाला होतास तरी. 'चार दिवसांसाठी कशाला तो खटाटोप? घराचं तोंड खराब होईल.' हे तुझेच शब्द आहेत, मी पदरचं काही घातलेलं नाही. चार दिवसांसाठी! तू ते किती सहज बोललास. फोन ठेवल्यावर माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि त्याच तिरीमिरीत मी सुताराला बोलावणं धाडलं.

सुतार बोलका माणूस आहे. त्यानं पहिली फळी टेकवली तेव्हा बाबा खुर्चीत बसून पाहत होते. म्हणाले, "उभी झाली."

सुतार म्हणाला, "आजोबा, सगळीकडे एवढीच ठेवतात."

बाबा म्हणाले, "सगळीकडे मी चालत नाही."

सुतार एवढा हसला की त्याच्या तोंडातले खिळे खाली पडले. मग त्यानं फळ्या लांबवल्या, उतार पार गल्लीपर्यंत नेला. आता बाबा कठड्याला धरून स्वतःच्या पायांनी खाली जातात आणि स्वतःच्या पायांनी वर येतात. घराचं तोंड जसं होतं तसंच आहे. बघायला आलास तर दिसेल.

हे एवढं सगळं मी का सांगतेय ते तुला कळलं असेलच. तू ज्या माणसाच्या बोलण्याला अर्थ उरला नाही म्हणून सांगत फिरतोस, त्याच माणसाबद्दल सांगतेय.

तुझा शुक्रवारचा संदेश माझ्यासमोर आहे. 'बाबांची प्रकृती डिक्लाइन होतेय. डॉक्टरांनीही लिहून दिलंय. वृद्धनिवासात खोली मिळाली. १९ला रविवारी गाडी येईल. त्यांची बॅग भरून ठेव.' बॅग भरून ठेव! शाळेच्या सहलीला निघालेत का ते? मी तो संदेश त्यांना वाचून दाखवला. दाखवायला नको होता असं तू म्हणशील, पण त्यांच्या बॅगेबद्दल त्यांना विचारणारं कुणीतरी हवं ना. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मला जायचं नाही." अडखळले नाहीत, पुटपुटले नाहीत. मी लगेच तुला फोन लावला, तर तू म्हणालास, "अगं, त्यांच्या बोलण्याला आता अर्थ राहिलेला नाही. डॉक्टरांनी माझ्यासमोर तपासलंय. मी होतो ना तिथं."

तू होतास तिथं. हे वाक्य लक्षात ठेव, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

काल मी त्या डॉक्टरांकडे गेले. माणूस वाईट नाही. मला बसवून घेतलं, पाणी दिलं, तपासणी वाचून दाखवली. बाबांनी वर्ष चुकीचं सांगितलं होतं, वारही चुकीचा. मग म्हणे त्यांनी विचारलं, "आजोबा, आत्ता दारातून आत कसे आलात? पायऱ्या चढून?" बाबा म्हणाले, "नाही." "मग कशावरून आलात?" त्यावर बाबा म्हणाले, "आश्रय. पलंग. शिडी. हवामान." डॉक्टरांना वाटलं, ऐकू आलं नसेल. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच चार शब्द, त्याच क्रमानं. आणि मग, डॉक्टर म्हणाले, ते तुमच्या भावाकडे बघत बसले.

दादा, मी त्या खोलीत मोठ्यानं हसले. डॉक्टरांना वाटलं असेल, सगळं घरच असलं. मग मला रडू आलं आणि मग मी त्यांना सांगितलं. ते पेन खाली ठेवून ऐकत राहिले. पलंगाचं सांगितलं तेव्हा त्यांनी काचेतून बाहेरच्या स्वतःच्या पाटीकडे पाहिलं आणि तेही हसले. नंतर गंभीर होऊन म्हणाले, "पण ताई, मी तुमच्या भावाला विचारलं होतं. याचा काही अर्थ लागतो का तुम्हाला? ते नाही म्हणाले."

नाही म्हणालास.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते ते मला काल कळलं. तू मूग गिळून बसला असतास तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. तुला विचारलं होतं. तुझ्याकडे उत्तर होतं. समोर बाप तुझ्या तोंडाकडे बघत होता. आणि तू 'नाही' म्हणालास!

विसरला असशील तर आठवण करून देते. विसरलेला नाहीस हे पक्कं ठाऊक असूनही करून देते. आपल्याकडे जेवताना 'घराणं' असायचं. बाबा दिवसभर शब्दकोशाच्या कार्यालयात शब्दांची मुळं खणून यायचे, ते भागत नसे म्हणून घरी आपल्या डोक्यात कुदळ घालायचे. एक इंग्रजी शब्द मनात धरायचा, त्याचे दूरचे नातेवाईक सांगायचे, शब्द मात्र उच्चारायचा नाही. तो ज्याची पाळी असेल त्यानं ओळखायचा. पाळी सोडून कुणी उत्तर दिलं तर ते धरलं जायचं नाही. आणि उत्तर येईपर्यंत विचारणाऱ्यानं पहिला घास घ्यायचा नाही. आई स्वयंपाकघरातून मुद्दाम चुकीची उत्तरं ओरडायची आणि वर म्हणायची, "अरे कुणीतरी सांगा, माणूस उपाशी मरेल माझा!" तू पटकन सांगायचास. बाबांचा हात ताटावर थांबलेला तुला बघवायचा नाही. म्हणून ते तुला 'मूळ ग्रंथ' म्हणायचे. मी फार मागून, सगळ्यांनी अपेक्षा सोडल्यावर आले, म्हणून मी 'पुरवणी'.

आणि हाच शब्द, दादा? दुसरा कुठला असता तर मी गप्प बसले असते. माझ्या जन्माआधीची गोष्ट असूनही मला ती तोंडपाठ आहे, इतक्या वेळा ती या घरात सांगितली गेलीय. बाबांच्या कार्यालयात उंच कपाटांना टेकवलेली ती सरकती शिडी. तू नको सांगितलेलं असताना चढलास, शिडी सरकली, पाय मोडला. पायऱ्यांवरून नेताना तुला धक्के बसतील म्हणून बाबांनी तुला कडेवर घेऊन मागच्या बाजूनं, पुस्तकांचे गठ्ठे चढवायच्या उतारावरून खाली नेलं. इस्पितळात तुझा पाय टांगलेला, तू रडून रडून दमलेला, आणि बाबांनी पलंगाशी बसून तुला घराणं घातलं. आश्रय, पलंग, शिडी, हवामान. सांग कोण?

तू दोन दिवस घेतलेस. ते दोन्ही दिवस बाबा तुझ्यासमोर जेवले नाहीत. बाहेर जाऊन आईच्या डब्यातलं चोरून खायचे, ते आईनं नंतर फोडलं. आणि मग तू म्हणालास, "इन्क्लाइन."

इन्क्लाइन, म्हणजे उतार, कलणं, टेकणं. मुळात सगळं टेकण्याचंच. लॅटिनमध्ये 'क्लिनारे' म्हणजे कलवणं, टेकवणं. ग्रीकांचा पलंग 'क्लिने', पाठ टेकायची जागा. रुग्णाच्या पलंगापाशी जाऊन उपचार करायचे म्हणून 'क्लिनिक', डॉक्टरांच्या पाटीवरचं. इंग्रजांची शिडी, 'लॅडर', भिंतीला टेकवायची. हवामान तुला सुटत नव्हतं, तेव्हा बाबांनी समजावलं होतं की ग्रीकांच्या मते पृथ्वी ध्रुवाकडे उतरत जाते, त्या उताराला ते 'क्लिमा' म्हणत, आणि उताराच्या ज्या पट्ट्यात तुम्ही राहता तसं तुमचं हवामान, म्हणून 'क्लायमेट'. आणि सगळ्यांत थोरली पाती आपली, संस्कृतातला 'श्रि', टेकणं, आधार धरणं. त्याचा 'आश्रय'. बाबा तो नेहमी पहिला सांगायचे. मनाचा कल म्हणतो आपण, तो मात्र या घरातला नाही. पण इंग्रजीतही मन 'इन्क्लाइन' होतं आणि मराठीतही ते कलतं, याचं बाबांना केवढं कौतुक. "घराणं वेगळं, स्वभाव एक," असं म्हणून ते जिभेनं टकटक करायचे.

तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कशावरून आलात. ते त्या दवाखान्याच्या उतारावरून आले होते, तुझ्या दंडाला धरून. प्रश्नाचं उत्तर त्यांना येत होतं. फक्त समोर तू बसला होतास, आणि कुणीतरी प्रश्न विचारत होतं, आणि त्यांना वाटलं घराणं चाललंय. त्यांनी तुझाच शब्द काढला. घाबरलेल्या माणसानं गर्दीत आपल्या मुलाचा हात चाचपावा तसं केलं त्यांनी, आणि तू हात खिशात घातलास.

लाज वाटली का? की सोयीचं वाटलं? याचं उत्तर मला पत्रानं नको, तुझं तूच स्वतःला दे.

आणि वर संदेशात 'डिक्लाइन' लिहितोस! तोही याच घरातला. एवढं खटलं, त्यात आश्रय आहे, पाठ टेकायला पलंग आहे, वर चढायला शिडी आहे, आणि तुला बापासाठी नेमका खाली घसरणारा सापडला.

आता डॉक्टरांचं पुढचं बोलणं. ते लपवलं तर मीही तुझ्याच माळेतली ठरेन. ते म्हणाले, "ताई, हे चार शब्द मी मागे घेतो. पण बाकीचं? मी त्यांच्या पत्नीबद्दल विचारलं, तर म्हणाले, स्वयंपाकघरात आहे."  घरीही ते तेच म्हणतात. जेवायला बसले की स्वयंपाकघराच्या दाराकडे कान देऊन ऐकतात आणि मग मला विचारतात, आज ती गप्प का. पहिल्यांदा मी खरं सांगितलं होतं. त्यांना ते नव्यानं कळलं, आणि मला ते बघावं लागलं. आता म्हणते, घसा बसलाय तिचा.

वर 'तब्येत ठीक आहे' असं लिहिलंय ना, ते तसंच राहू दे. पण त्याच्या शेजारी हेही लिहिते. शेगडी मी कुलपात ठेवते. दुपारचा वर्ग बंद ठेवला तो मुली कमी आल्या म्हणून नाही. परवा मी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होते, तर माझा हात हळूच बाजूला करून म्हणाले, "राहू द्या, तुम्हाला कशाला त्रास. माझी मुलगी येईल एवढ्यात." मी म्हटलं, बाबा, मीच पुरवणी. तर हसले, आपण अनोळखी माणसाच्या विनोदाला हसतो तसं.

मी थकलेय, दादा. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं तर तू म्हणशील, बघ, मी तेच तर म्हणत होतो. म्हणून सगळ्या फोनवर 'ठीक आहे, ठीक आहे' करत राहिले. पण तू तेच म्हणत नव्हतास. मुकाट्यानं सगळं सहन करायचा मला सोस नाही. उद्या तू समोर येऊन म्हणालास, 'मला त्यांना सांभाळणं जमणार नाही, तुलाही जमेनासं झालंय, आपण तिघं बसून बोलू,' तर मी चहा टाकीन आणि बसेन. त्या वृद्धनिवासाची खोली मी स्वतः बघायला येईन, गादी दाबून बघेन, उतार किती उभा आहे तेही बघेन. जायचं ठरलंच तर बॅग मीच भरीन.

माझा संताप त्या खोलीवर नाही. त्यांच्या बोलण्याला अर्थ नाही असं एकदा तू ठरवून टाकलंस, की त्यांच्या 'मला जायचं नाही' यालाही अर्थ राहत नाही. तेवढ्यासाठी तू त्या दिवशी ते 'नाही' वापरलंस. आयुष्यभर ज्या माणसानं एकेका शब्दाला त्याचा अर्थ मिळवून दिला, घरचं ताट निवू दिलं पण शब्द अर्धवट सोडला नाही, त्याचे शब्द तू एका दुपारी केरात काढलेस, आणि तेही खुर्चीत बसल्या बसल्या. जड ओझं उतरवायचं असतं तेव्हा माणूस निदान वाकतो तरी.

डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय. ते म्हणाले, "मी तपासलं तेव्हा तुम्ही नव्हता, तुमचे भाऊ होते. त्यांनी येऊन सांगितलं तर मी नव्यानं लिहीन, की बोलण्याला संगती आहे आणि कुठं राहायचं हे त्यांना विचारूनच ठरवावं." शनिवारी ते दवाखान्यात आहेत. रविवारी तुझी गाडी यायची आहे. तू शनिवारी आला नाहीस आणि गाडी आली, तर ती मी रिकामी परत पाठवीन. चालकाशी भांडायची वेळ आली तर भांडेन. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, त्यांचा आवाज तुला माहीत आहे.

आता शेवटचं. हे मी पहिल्या ओळीपासून टाळत आलेय.

त्या तपासणीनंतर बाबा रोज जेवताना घराणं घालतात. एकच. तुझ्या खुर्चीकडे बघून म्हणतात, "आश्रय. पलंग. शिडी. हवामान." हात ताटावर तसाच ठेवून थांबतात. घास घेत नाहीत. अन्न निवतं. मग केव्हातरी आपण काही विचारलं होतं हेच विसरतात आणि जेवतात. विसरण्याचे तेवढेच काय ते उपकार.

काल डॉक्टरांकडून आल्यावर मला राहवलं नाही. त्यांचा हात थांबला, तशी मी म्हटलं, "इन्क्लाइन. उतार. बरोबर ना, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती, राग नव्हता. परक्या बाईला समजावून सांगावं तसं, अगदी सभ्यपणे म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. पण तुमची पाळी नाही. त्याची आहे."

शनिवारी दवाखान्यातून थेट घरी ये. जेवायला. पान मांडून ठेवते.

तुझी,
पुरवणी